विचारायचं कुणाला

फॉर्ममध्ये चार रकाने होते:
नाव, वय, कशातला जाणकार, आणि पुरावा.
तारामुंबरीत मी पाच दिवस हिंडलो.
पहिल्या तीन दिवसांत
'मी' म्हणणारा एकच माणूस भेटला.
त्याच्या दारावर पाटी होती, निळ्यावर पांढरी,
'सागरी सल्लागार', खाली दोन मोबाइल नंबर.
त्याने चहा पाजला,
लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं दाखवली.
त्याचं नाव मी पेन्सिलीने लिहिलं.

बाकीचे नुसती बोटं दाखवत होते.
जाळ्याची सुई दातांत धरून
दिगंबर कोयंडे म्हणाला, "माका काय कळता?
गाठ बघूची तर भिकल्या मेथराची बघ."
भिकल्या मेथर म्हणाला, "गाठ? ती दिग्याची.
माजी आपली पोटापुरती."
दोघांच्या मधे सत्तर पावलं वाळू.
एक अख्खा दिवस मी ती तुडवली.

इंजिनाचं विचारलं तर पाच जणांनी
एकच नाव घेतलं: शेवंती टिकम.
नवरा गेल्यावर त्याची पान्यांची पेटी
तिने विकायला काढली होती.
गिऱ्हाईक आलं नाही
म्हणून एका दुपारी उघडून बसली, एवढंच.
आता तिला 'कानवाली शेवंती' म्हणतात.
हा शब्द तिला कुणी लावला, कुणालाच आठवत नाही.
गोंदण राहतं अंगावर,
गोंदणारीण कधीच पुढच्या गावी गेलेली असते.

पाचांतला एक तिचा दीर.
कुंपणाच्या हातभर जागेवरून सात वर्षांचा अबोला,
पण त्याचं इंजिन तिच्याच अंगणात उघडं पडलेलं.
घराकडे न बघता त्याने हनुवटी उडवली:
"तिका इचार."
दोनच शब्द. मी त्याखाली दोन रेघा मारल्या.
दोस्ताने घेतलेलं नाव
आणि तोंड न बघणाऱ्याने घेतलेलं नाव
एका तागडीत कसं घालणार?

उलट, येईल-जाईल त्याला
'एक नंबर माणूस' म्हणत सुटणाऱ्या
हॉटेलवाल्या सुऱ्याचं बोट
चौथ्या दिवसापासून मी मोजणं सोडलं.

"पाण्याचा रंग कोण वाचतं?" विचारलं
तेव्हा बंदर जरा गप्प झालं.
बर्फ फोडता फोडता थांबून
इस्माईलभाय सोलकर म्हणाले, "तो दाजी तारी होता."
डोक्यावरची पाटी उतरवत एक बाई म्हणाली,
"दाजी आसतो तर..."
आणि पाटीतले बांगडे उगाच सारखे करत राहिली.
अकरा जणांनी मला दाजीकडे पाठवलं.
दाजी मागच्या दिवाळीत गेला.

अजूनही पहाटे होडी ढकलण्याआधी
माणसं त्याच्या ओट्याकडे बघतात, सवयीने.
ओट्यावर त्याची नात दात घासत असते.
नऊ वर्षांची, नाव रत्ना, एक बाही फाटलेली.
ती समुद्राकडे बघते, चूळ टाकते,
कधी "आज नको" म्हणते, कधी काहीच म्हणत नाही.
तिला अजून कुणी काही नाव लावलेलं नाही.
पण गुरुवारी दोन होड्या
मुकाट परत वर ओढल्या गेल्या. मी होतो तिथे.

मेलेल्यासाठी फॉर्मात जागा नव्हती.
रत्नासाठीही नव्हती.
मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, बारीक अक्षरात,
आणि पुराव्यापुढे: 'विचारा'.

पाचव्या संध्याकाळी एस्टी स्टँडवर
मिठमुंबरीचा एक पोरगा धापा टाकत आला.
बापाचं इंजिन धूर सोडतंय, काळा नाही, पांढरा.
"कोणाक इचारूचा ता तुमका म्हायत आसा, म्हणतत."
"कोण म्हणतत?"
त्याने खांदे उडवले. "सगळेच."

कंडक्टरने दोनदा घंटी मारली.
मी पोराला वाट सांगितली: वडाकडून डावीकडे,
मोडक्या कुंपणाचं दुसरं घर.
मग पिशवी खांद्याला लावून
त्याच्याबरोबरच निघालो.

खाडीपलीकडून ते इंजिन ऐकू येत होतं,
खोकत, थांबत, परत खोकत.
मला त्यातलं
काही म्हणजे काही कळत नव्हतं.